लहान मुलांची जॅकेटं आणि रेनकोट आयात करताना: एचएस कोड कसा ठरवायचा, शुल्क कसं मोजायचं

अमेरिकेच्या टॅरिफमध्ये पॉलिस्टरच्या वोव्हन (मागावर विणलेल्या कापडाच्या) जॅकेटला सर्वसाधारण दर आहे २७.७ टक्के. त्याच जॅकेटच्या कापडाला पाणी अडवणारा प्लॅस्टिकचा थर असेल आणि ते ठरलेल्या चाचणीत उतरलं, तर दर ७.१ टक्के. दहा हजार डॉलरच्या मालावर एका बाजूला २,७७० डॉलर, दुसऱ्या बाजूला ७१०. अधूनमधून लागणारे जादा टॅरिफ यात धरलेलेच नाहीत. दोन्ही जॅकेटं हँगरवर शेजारी लावली तर गिऱ्हाइकाला फरक ओळखू येणार नाही.

हा फरक माल बंदरात लागल्यावर ठरत नाही. सँपल पास करताना कोणतं कापड घेतलं, मापं कुठपासून कुठपर्यंत ठेवली, सेटमध्ये काय काय दिलं, तिथेच तो ठरून जातो. म्हणून एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा आणि शुल्काचा दर ठरवणारा आकडा, शोधायचं काम ऑर्डर देण्याआधीचं आहे. माल निघाल्यावर कस्टम ब्रोकरला फोन करून "याला कोणता कोड लावू?" विचारलं, तर तो बिचारा समोर आहे त्यातूनच मार्ग काढणार.

आधी माहिती गोळा करा

"किड्स जॅकेट, पॉलिस्टर" एवढ्यावर कुणीही प्रामाणिकपणे कोड देऊ शकत नाही. सप्लायरकडून लेखी हवं ते असं: बाहेरच्या कापडातल्या धाग्यांचं वजनानुसार प्रमाण, अस्तर आणि भरण यांचं वेगळं प्रमाण, कापड निट (फाशांनी विणलेलं) आहे की वोव्हन, त्यावर लेप किंवा फिल्म आहे का, असल्यास कशाची आणि कोणत्या बाजूला, सेंटिमीटरमधल्या उंचीसह मापांचा तक्ता, पुढची पट्टी कोणत्या बाजूवर येते, हूडला फर असेल तर खरी की कृत्रिम, आणि एकाच पॅकिंगमध्ये किती नग विकले जाणार. सोबत हातभर नाही तरी तळहाताएवढा कापडाचा तुकडा मागवाच. फोटोवरून लेप ओळखता येत नाही.

सप्लायरच्या प्रोफॉर्मावर (माल पाठवण्याआधीच्या कच्च्या बिलावर) एक कोड बहुधा आधीच छापलेला असतो. तो त्याच्या देशाच्या निर्यातीसाठी असतो आणि अनेकदा जुना असतो. एक सोपी खूण सांगतो. वोव्हन जॅकेटला ६२०१.९३ किंवा ६२०२.९३ लिहिलेलं दिसलं, तर समोरचा माणूस २०२२ पूर्वीची यादी वापरतोय असं समजा.

कोडची रचना, थोडक्यात

हार्मोनाइज्ड सिस्टिम, म्हणजेच एचएस, ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची. ती १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे: त्यांतल्या पहिल्या दोनांना चॅप्टर म्हणतात, पहिल्या चारांना हेडिंग, आणि अनेक चॅप्टर मिळून एक सेक्शन. पुढचे आकडे प्रत्येक देश आपल्या सोयीने जोडतो. भारतात एकूण आठ, अमेरिकेत दहा, युरोपीय संघात आयातीसाठी दहा. सध्याची आवृत्ती २०२२ची आहे, पुढची १ जानेवारी २०२८ पासून येते. २०२२च्या आवृत्तीत ६२०१ आणि ६२०२ या हेडिंगांमध्ये ओव्हरकोट वेगळे आणि अनोरॅक (हूडची जॅकेटं) वेगळे हा जुना भेद सहा आकड्यांच्या पातळीवर गेला. आता लोकर, कापूस, मानवनिर्मित तंतू आणि इतर, एवढीच विभागणी उरली.

कोड ठरवायचे सहा सर्वसाधारण नियम आहेत. रोजच्या कामात पहिलाच सगळ्यात जास्त वापरला जातो: हेडिंगचे शब्द आणि सेक्शन व चॅप्टरच्या नोट्स यांवरून वर्गीकरण करायचं. लोक नोट्स वाचत नाहीत, थेट यादीत "जॅकेट" शोधतात. कपड्यांच्या बाबतीत सगळी गंमत नोट्समध्येच आहे.

पहिला प्रश्न: उंची ८६ सेंटिमीटरपर्यंत आहे का?

चॅप्टर ६१ आणि ६२ दोन्हींत "बाळांचे कपडे" याची व्याख्या वयावर नाही, उंचीवर आहे. ज्यांची उंची ८६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही अशा लहान मुलांसाठीचे कपडे म्हणजे बाळांचे कपडे. निट असतील तर हेडिंग ६१११, वोव्हन असतील तर ६२०९. यात मुलगा-मुलगी हा भेदच नाही.

याचा हिशेबावर होणारा परिणाम बघा. एकाच डिझाइनचं जॅकेट तुम्ही ७४, ८०, ८६, ९२, ९८, १०४ अशा सहा मापांत घेतलंत. पहिली तीन मापं ६२०९ मध्ये जातील, उरलेली ६२०१ (मुलग्यांची) किंवा ६२०२ (मुलींची) मध्ये. डिझाइन एक, कापड एक, भाव एक, तरी इनव्हॉइसवर दोन ओळी. युरोपीय संघात ६२०९चा नेहमीचा दर १०.५ टक्के आहे आणि ६२०१चा १२ टक्के, म्हणजे अंतर फार नाही. पण सगळा माल एका ओळीत दाखवला तर एका भागाची घोषणा चुकीची ठरते, आणि तपासणीत नेमकं हेच सापडतं, कारण मापं पॅकिंग लिस्टवर छापलेलीच असतात.

८६/९२ असं जोडमाप असेल तर वादाला जागा राहते. शक्य असेल तर ८६ आणि ९२ वेगळी करून घ्या. "१८ ते २४ महिने" एवढंच लेबल असेल, तर उंचीचा तक्ता फाइलला लावा. महिन्यांवरून उंची प्रत्येक ब्रँड आपापल्या पद्धतीने काढतो.

बाळांच्या हेडिंगचं आणखी एक वैशिष्ट्य: आपल्या चॅप्टरमध्ये त्याला अग्रक्रम आहे. पुढे लेपित कापडाचं हेडिंग ६२१० येईल, ते बाकीच्या सगळ्या हेडिंगांवर मात करतं, पण ६२०९ वर नाही. म्हणून ८० सेंटिमीटरच्या बाळाचा लॅमिनेटेड रेनसूट ६२०९ मध्येच राहतो. मात्र तो निव्वळ प्लॅस्टिक शीटचा असेल तर तो कापडाच्या चॅप्टरमध्ये येतच नाही. मग ६२०९ चा अग्रक्रम तिथे लागू पडत नाही आणि तो ३९२६.२० मध्ये जातो.

बाळांच्या हेडिंगमध्ये मोजे, हातमोजे यांसारख्या जोडवस्तूही बसतात. टोप्या मात्र नाहीत, त्यांचं ठिकाण चॅप्टर ६५.

दुसरा प्रश्न: हा खरोखर "वरचा" कपडा आहे का?

हेडिंग ६१०१, ६१०२, ६२०१ आणि ६२०२ मध्ये ओव्हरकोट, केप, अनोरॅक, स्की जॅकेट, विंडचीटर आणि त्यांसारखे कपडे येतात. अधिकृत स्पष्टीकरणानुसार त्यांची ओळख अशी की हवामानापासून संरक्षण म्हणून ते साधारणपणे इतर सगळ्या कपड्यांवरून घातले जातात. भरण घातलेली बिनबाह्यांची जाकिटंही यातच येतात. हे अनेकांना माहीत नसतं आणि ती वेस्ट म्हणून दुसरीकडे टाकली जातात.

डोकेदुखी असते ती फ्लीसची, म्हणजे लोकरीसारख्या मऊ, उबदार कापडाची. पुढून पूर्ण झिप असलेला पातळ फ्लीस हा ६११० मधला स्वेटर किंवा कार्डिगन, की ६१०१ मधलं जॅकेट? अमेरिकी कस्टम्सने शर्ट-जॅकेटसाठी जुन्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लक्षणांची यादी दिली आहे आणि त्यांतली किमान तीन असावीत अशी अपेक्षा ठेवली आहे: दर चौरस यार्डला १० औंस किंवा जास्त वजनाचं कापड, पूर्ण किंवा अर्धं अस्तर, कमरेशी किंवा त्याखाली खिसे, जाड झिप किंवा मोठी बटणं, इलॅस्टिकच्या मनगटपट्ट्या, कमरेला आवळायची सोय वगैरे. सूचना अमेरिकी असल्या तरी विचार करायला कुठेही उपयोगी पडतात. तुमच्या फ्लीसला अस्तर नाही, खिसे नाहीत, खालची कड साधी आहे, तर त्याला जॅकेट म्हणण्याचा हट्ट धरू नका.

तिसरा प्रश्न: निट की वोव्हन?

चॅप्टर ६१ निट आणि क्रोशाच्या कपड्यांचा, ६२ बाकीच्यांचा. कापलेल्या कडेवरून धागा ओढून बघा. मागावरच्या कापडातून सरळ धागा निघतो, निटमध्ये फासे सुटत जातात. भिंगाखाली निटमध्ये एकमेकांत अडकलेले फासे दिसतात, वोव्हनमध्ये उभे-आडवे धागे. फ्लीस दिसायला लोकरीच्या नमद्यासारखं असलं तरी ते बहुतेक वेळा निट असतं.

ठरवताना बाहेरचं कापड बघायचं. आत फ्लीसचं अस्तर असलेलं नायलॉनचं वोव्हन जॅकेट ६२ मध्येच राहतं. बॉडी वोव्हन आणि बाह्या निट असतील तर सहा सर्वसाधारण नियमांपैकी ३(ख) लागतो: कपड्याला त्याचं मुख्य रूप कशामुळे येतं ते पाहायचं. दोन्ही बाजूंनी घालता येणाऱ्या जॅकेटमध्ये कोणती बाजू "बाहेरची" हेच ठरत नाही. तिथे अनेकदा ३(ग), म्हणजे क्रमाने शेवटी येणारं हेडिंग, वापरावं लागतं.

चौथा प्रश्न: लेप आहे, फिल्म आहे, की नुसतीच प्रक्रिया?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि सगळ्यात जास्त पैसाही इथेच अडकतो.

टॅगवर "वॉटरप्रूफ" लिहायला कुणाला काही लागत नाही. कस्टम्सला त्या शब्दाशी देणंघेणं नाही. त्यांना कापड कशाने बनलं आहे ते हवं असतं. शक्यता चार आहेत.

पहिली, कापडावर नुसती पाणी झटकणारी रासायनिक प्रक्रिया. थेंब घरंगळतात, पण डोळ्यांना काही दिसत नाही. असं कापड लेपित धरलं जात नाही, जॅकेट ६२०१ किंवा ६२०२ मध्येच राहतं.

दुसरी, आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा किंवा पीव्हीसीचा लेप. चॅप्टर ५९ची कसोटी अशी की लेप नुसत्या डोळ्यांनी दिसला पाहिजे, आणि लेपामुळे केवळ रंग बदलला असेल तर तो बदल गृहीत धरायचा नाही. लेप दिसत असेल तर कापड ५९०३ मधलं, म्हणजे प्लॅस्टिकचा लेप किंवा थर असलेल्या कापडांच्या हेडिंगमधलं. मग वोव्हन जॅकेट ६२१० मध्ये जातं, निट असेल तर ६११३ मध्ये. ६२१० मध्ये आल्यावर मुलग्यांच्या वरच्या कपड्याला ६२१०.२० आणि मुलींच्या कपड्याला ६२१०.३०.

कापडाचा तुकडा खिडकीशी धरून तिरक्या उजेडात बघा. लेप असलेली बाजू सपाट, चकचकीत दिसते आणि धाग्यांमधल्या फटी भरलेल्या असतात. दुसऱ्या बाजूला विणीचे खळगे तसेच असतात. फरक दिसतोय की दिसतोय असं वाटतंय, याची खात्री होत नसेल तर प्रयोगशाळेतून अहवाल घ्या.

तिसरी, लॅमिनेशन. कापडाला प्लॅस्टिकची पातळ फिल्म चिकटवलेली असते. डोंगरात वापरायच्या चांगल्या जॅकेटांतलं मेंब्रेन बहुधा असंच असतं. इथे २०२२च्या आवृत्तीने मोठा खुलासा केला: प्लॅस्टिक फिल्म कापडाला जोडून बनवलेलं कापड लॅमिनेटेड धरायचं, मग आडव्या छेदात फिल्म नुसत्या डोळ्यांनी दिसो वा न दिसो. सॉफ्टशेलसाठी हा खुलासा कामाचा आहे, कारण त्यात बाहेरचं कापड, मधे मेंब्रेन आणि आत फ्लीस असतं. पण मधे फिल्म नसून फक्त गोंद असेल, तर ते लॅमिनेट नव्हे. सप्लायर दोन्हींना "बाँडेड" म्हणतो, म्हणून मधे फिल्म आहे का हे स्पष्ट शब्दांत विचारा.

चौथी, कापड प्लॅस्टिकमध्ये पूर्ण बुडालेलं, किंवा दोन्ही बाजूंनी दिसेल असा लेप. ते चॅप्टर ३९चं होतं आणि मुलांचा तो चकचकीत पिवळा रेनकोट ३९२६.२० मध्ये जाऊ शकतो. युरोपीय संघात त्याला ६.५ टक्के आहे, कापडाच्या रेनकोटला १२. नुसत्या रबराचा रेनकोट ४०१५ मध्ये.

अमेरिकेचा "वॉटर रेझिस्टंट" दर ही वेगळी गोष्ट आहे, त्याची ६२१० शी गल्लत करू नका. ६२०१ आणि ६२०२ च्या आतच तिथे त्या ओळी आहेत. ६०० मिलिमीटर पाण्याच्या दाबाखाली दोन मिनिटांत एक ग्रॅमपेक्षा जास्त पाणी आत येता कामा नये, आणि हा गुण बाहेरच्या कापडाला, अस्तराला किंवा आतल्या अस्तराला दिलेल्या रबरामुळे किंवा प्लॅस्टिकमुळे आलेला असावा. चाचणीचा अहवाल त्याच कापडाचा, त्याच लॉटचा असला पाहिजे. मागच्या वर्षीच्या निळ्या जॅकेटचा अहवाल या वर्षीच्या लाल जॅकेटला जोडणारे महाभाग कमी नाहीत.

पाचवा प्रश्न: धागा कोणता?

फक्त बाहेरच्या कापडाचं वजन धरायचं, अस्तर आणि भरण सोडून. जो धागा वजनाने जास्त, तोच सगळा आहे असं मानायचं. कापूस ६०, पॉलिस्टर ४० असेल तर कापूस, म्हणजे ६२०१.३०. अगदी पन्नास-पन्नास असेल तर क्रमाने शेवटी येणारा, म्हणजे मानवनिर्मित तंतू: कापूस चॅप्टर ५२ मध्ये, मानवनिर्मित ५४ आणि ५५ मध्ये.

लोकरीच्या कोटाचं एक उदाहरण घ्या: लोकर ४५ टक्के, पॉलिस्टर ३०, व्हिस्कोस २५. एकेक धागा पाहिला तर लोकर सगळ्यात जास्त. पण आधी चॅप्टर ठरवायचा असतो, आणि ५४ व ५५ हे दोन चॅप्टर इतर चॅप्टरांपुढे एकच धरले जातात. पॉलिस्टर आणि व्हिस्कोस मिळून ५५ टक्के होतात, म्हणून कोट मानवनिर्मित तंतूंचा, ६२०१.४०. लेबलवर "वूल ब्लेंड" छापलेलं असलं तरी.

पिसांचं भरण सहा आकड्यांच्या पातळीवर काही बदलत नाही. अमेरिकेत मात्र डाउनच्या (पक्ष्यांच्या मऊ, बारीक पिसांच्या) जॅकेटांना वेगळी ओळ आहे: डाउन आणि पाणपक्ष्यांची पिसं मिळून वजनाच्या १५ टक्के किंवा जास्त, त्यात डाउन किमान ३५ टक्के, आणि एकूण वजनात डाउन १० टक्के तरी. दर ४.४ टक्के.

मुलगा की मुलगी

पुढची कड डावी उजवीवर येत असेल तर मुलग्यांचं, उजवी डावीवर येत असेल तर मुलींचं. कापणीवरून उघडच दुसरं दिसत असेल तर हा निकष सोडायचा. मधोमध झिप असलेलं, कुणीही घालावं असं जॅकेट ओळखता आलं नाही तर ते मुलींच्या हेडिंगमध्ये टाकायचं. युनिसेक्स मालाला हाच नियम लागतो. त्यामुळे निळ्याला ६२०१ आणि गुलाबीला ६२०२ अशी वाटणी करू नका.

सेट आणि स्नोसूट

मुलांच्या मालात सेट फार असतात: जॅकेट आणि पँट, कोट आणि टोपी. सेक्शन ११ची नोट १४ सांगते की वेगवेगळ्या हेडिंगांचे कपडे किरकोळ विक्रीसाठी एकत्र बांधले तरी आपापल्या हेडिंगमध्येच जातात. म्हणजे सेटची एकच किंमत असली तरी तिची फोड करून द्यावी लागते. फोड सप्लायरकडूनच इनव्हॉइसवर घ्या. नंतर अंदाजाने केलेली फोड अधिकारी सहसा मान्य करत नाहीत.

अपवाद म्हणजे स्की सूट. तो दिसण्यावरून आणि पोतावरून मुख्यतः स्कीइंगसाठीचाच वाटला पाहिजे. एकसंध ओव्हरऑल चालतो, किंवा झिपचं अनोरॅक आणि पँट असा दोन-तीन नगांचा जोड. जोडातल्या सगळ्या नगांचं कापड पोत, प्रकार आणि धाग्याने सारखं हवं, रंग वेगळा चालतो, मापं जुळणारी हवीत. असा वोव्हन सूट ६२११.२० मध्ये. पण कापड ५९०३ मधलं असेल तर ६२१० पुढे येतं, आणि ८६ सेंटिमीटरपर्यंतचा असेल तर पुन्हा ६२०९. बर्फात खेळायचा साधा एकसंध सूट स्की सूट नसेल, तर ६२११ मधल्या "इतर कपडे" ओळींमध्ये शोधा.

चामड्याचं जॅकेट ४२०३.१० मध्ये. हूडच्या कडेला फरची पट्टी नुसती सजावट म्हणून असेल तर कोड बदलत नाही. पण जॅकेटला आतून पूर्ण फर लावली तर ते ४३०३ मध्ये, कृत्रिम असेल तर ४३०४ मध्ये. खऱ्या फरच्या बाबतीत प्राण्याचं नाव लेखी घ्या: कुत्र्याच्या आणि मांजराच्या फरवर अमेरिकेत २००० पासूनच्या कायद्याने आणि युरोपीय संघात २००७च्या नियमाने बंदी आहे.

एक जॅकेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत

माल असा: हूड असलेलं जॅकेट, बाहेरचं कापड पॉलिस्टर वोव्हन, आतून दिसणारा पॉलियुरेथेनचा लेप, पॉलिस्टरचं भरण, फ्लीसचं अस्तर, मधोमध झिप, मापं ८० ते ११६, युनिसेक्स. सोबत त्याच रंगाची फ्लीसची टोपी.

८० आणि ८६ ही मापं ६२०९.३०. लेप असूनही, कारण बाळांच्या हेडिंगला अग्रक्रम. ९२ ते ११६ साठी लेपामुळे ६२१०, आणि मुलगा-मुलगी ओळखता येत नाही म्हणून मुलींच्या बाजूची ओळ, ६२१०.३०. अस्तर आणि भरण कुठेच मोजलं नाही. टोपी वेगळी, ६५०५. एका "जॅकेट सेट"च्या तीन ओळी झाल्या.

याच जॅकेटचा लेप काढून फक्त पाणी झटकणारी प्रक्रिया ठेवली, तर मोठी मापं ६२०२.४० मध्ये सरकतात.

आता मूल्य

शुल्क बहुतेक ठिकाणी व्यवहारमूल्यावर लागतं, म्हणजे मालासाठी प्रत्यक्षात दिलेल्या किंवा देय किमतीवर. युरोपीय संघ आणि भारत त्यात तिथवरचं भाडं आणि विमा धरतात, अमेरिका धरत नाही.

मुलांच्या कपड्यांत खरी अडचण कार्टूनची असते. जॅकेटवर एखाद्या चित्रपटातलं पात्र छापायचं तर परवानाधारकाला रॉयल्टी द्यावी लागते. ही रॉयल्टी आयात होणाऱ्या मालाशी निगडित असेल आणि ती देणं ही विक्रीची अट असेल, तर जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यनिर्धारण कराराच्या कलम ८ नुसार ती मालाच्या मूल्यात मिळवायची. ती सप्लायरला न देता तिसऱ्यालाच दिली, वर्षअखेरीस दिली, तरी प्रश्न सुटत नाही. तुम्ही कारखान्याला फुकट पुरवलेल्या झिप, लेबलं, कापड किंवा साचे यांचंही तसंच. डिझाइनचं काम आयात करणाऱ्या देशातच झालं असेल तर मात्र ते धरत नाहीत.

युरोपीय संघातलं गणित करून पाहू. माल १०,००० युरो, भाडं आणि विमा ८००, रॉयल्टी ५००. एकूण ११,३००. १२ टक्क्यांनी शुल्क १,३५६. रॉयल्टी विसरली असती तर १,२९६. साठ युरोंचा फरक किरकोळ वाटतो, पण तपासणी मागच्या सगळ्या खेपांची होते. व्हॅट यानंतर, शुल्क मिळवलेल्या रकमेवर: जर्मनीच्या १९ टक्क्यांनी १२,६५६ वर २,४०४.६४ युरो. ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या कपड्यांवर व्हॅट शून्य दराने आहे, पण तिथली व्याख्या वेगळी आहे, ८६ सेंटिमीटरशी तिचा संबंध नाही, आणि सीमाशुल्क तर लागतंच.

छोट्या पार्सलांवर भिस्त ठेवून धंदा उभारू नका. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी चीनच्या मालासाठी २ मे २०२५ पासून आणि सगळ्या देशांसाठी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली.

मूळ देश

सवलतीचा दर हवा असेल तर माल कुठून पाठवला हे नव्हे, कुठे बनला हे दाखवावं लागतं, आणि "बनला" याचा अर्थ प्रत्येक करारात वेगळा. युरोपीय संघाच्या अल्पविकसित देशांसाठीच्या योजनेत आणलेल्या कापडापासून तिथे कपडा शिवला तरी पुरतं. त्याच संघाच्या इतर सवलतधारक देशांना मात्र कापडही तिथेच विणावं लागतं. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्या करारात साधारणपणे सुतापासून पुढचं सगळं काम करारातल्या देशांत व्हायला हवं. सप्लायर "आमच्याकडून शून्य शुल्क" म्हणाला, तर कापड कुठून आलं आणि सूत कुठून आलं हे विचारा. कापडाची खरेदीपावती दाखवता येत नसेल तर पूर्ण दर धरूनच भाव ठरवा.

कोड बरोबर असूनही माल अडतो तेव्हा

मुलांच्या वरच्या कपड्यांत नाड्या हा संवेदनशील विषय आहे. अमेरिकेत २टी (साधारण दोन वर्षांच्या मुलाचं माप) ते १२ मापांच्या वरच्या कपड्यांत हूडला किंवा गळ्याला ओढायची नाडी असणं २०११ पासून धोकादायक मानलं जातं. युरोपात ईएन १४६८२ हे मानक सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या हूडला आणि गळ्याला नाडी चालू देत नाही. झिपच्या रंगवलेल्या लटकनांमधलं शिसंही तपासलं जातं. अमेरिकेत २००८च्या कायद्यानुसार रंगात ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) आणि इतर भागांत १०० पीपीएम ही मर्यादा. सुती कापड असेल तर कापूस कुठला हेही विचारलं जाऊ शकतं, कारण चीनमधल्या शिनजियांगशी संबंध असलेला माल सक्तमजुरीच्या कारणावरून रोखणारा अमेरिकेचा कायदा जून २०२२ पासून लागू आहे.

शंका असेल तर अग्रिम निर्णय

माल नेहमीचा असेल तर दोन-चार खेपा निघून जातात. पण सॉफ्टशेल, आतून काढता येणारं फ्लीस असलेलं थ्री-इन-वन जॅकेट, जोडमापं, अर्धवट दिसणारा लेप, असं काही असेल तर आधीच अधिकृत निर्णय मागा. युरोपीय संघात बंधनकारक टॅरिफ माहिती तीन वर्षं चालते. भारतात मुंबई आणि दिल्लीला अग्रिम निर्णय प्राधिकरणं आहेत. अमेरिकी कस्टम्सचे जुने निर्णय ऑनलाइन शोधता येतात, आणि दुसऱ्या देशात ते बंधनकारक नसले तरी युक्तिवाद कसा मांडतात हे त्यांतून शिकायला मिळतं.

अर्जात वर्णन असं लिहा: "मुलांचे (युनिसेक्स) हूड असलेले जॅकेट, बाहेरचे कापड १०० टक्के पॉलिस्टर, वोव्हन, आतील बाजूस डोळ्यांनी दिसणारा पॉलियुरेथेनचा लेप, भरण १०० टक्के पॉलिस्टर, अस्तर पॉलिस्टर निट फ्लीस, पुढे मधोमध पूर्ण झिप, शरीराची उंची ९२ ते ११६ सेंटिमीटर." हेच वाक्य देशाच्या कामकाजाच्या भाषेत इनव्हॉइसवरही असू द्या, आणि सोबत शिक्का मारलेला कापडाचा तुकडा फाइलला लावा. निर्णय त्या वर्णनापुरताच असतो. पुढच्या हंगामात कारखान्याने लेपाऐवजी फिल्म वापरली किंवा कापसाचं प्रमाण वाढवलं, तर जुना निर्णय त्या मालाला लागू होत नाही. म्हणून प्रत्येक पुन्हा दिलेल्या ऑर्डरबरोबर कापड तेच आहे का, याचं लेखी उत्तर मागून घ्या.